मधलं नाव मावशीचं

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. दवाखान्यात डॉक्टरांनी घेतलेली तोंडाची मापं तिच्याकडे यायची आणि त्यांवरून ती कवळ्या बनवायची. दवाखान्याच्या मागे एक अरुंद खोली, खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर प्लास्टरचे साचे आणि गुलाबी मेण, आणि जिकडेतिकडे बसलेली पांढरी भुकटी. काम मात्र चोख. "हिने केलेली कवळी घातली की माणूस बिनधास्त भांडूसुद्धा शकतो," असं डॉक्टर म्हणायचे.

तिला लहानाची मोठी केली ती मावशीने. आई गेली तेव्हा ती पाळण्यातच होती, आणि वडिलांनी दुसरीकडे बिऱ्हाड थाटलं. मावशी दुसऱ्या गावी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात होती. दिवसभर वाफेत उभं राहून चादरी तापलेल्या रुळांमधून काढायच्या. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. स्वतःचा संसार मांडायचं राहूनच गेलं. कुणी विचारलंच तर भाचीकडे बोट दाखवून म्हणायची, "हा काय, शेंबूड पुसतेय ना संसाराचा!"

भाचीचं लग्न झालं, दिवस राहिले, आणि एका दुपारी ती उमाळ्याच्या भरात बोलून गेली, "मावशी, मुलगी झाली तर तुझंच नाव ठेवणार."

"काहीतरीच तुझं! एवढंसं पोर आणि एवढं जुनाट नाव," मावशी म्हणाली खरी, पण सुईत दोरा काही तिला ओवता येईना. त्या दिवसापासून तिने शिवलेल्या प्रत्येक झबल्याच्या कोपऱ्यात स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर बारीक टाक्यांनी उमटायला लागलं.

दातवाली बोलली होती मनापासूनच. घोटाळा पुढे झाला. प्रत्येक साच्यावर पेशंटचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं असे, आणि मावशीच्या पिढीत ते नाव पैशाला पासरी. फळीवर नजर टाकली की कुठेतरी ते असायचंच. दात गेलेल्या हिरड्या आणि खाली मावशीचं नाव. दिवस भरत आले तशी तिला त्या नावाची धास्तीच बसली. हाक मारायची म्हटलं की डोळ्यांपुढे बोळकं यायचं. जन्मलेल्या मुलीलाही दात नव्हतेच म्हणा, पण ते काही तेव्हा सुचलं नाही.

मुलगी झाली. नवरा, जो बस चालवायचा आणि घरातल्या कुठल्याही वादात ब्रेकवर पाय ठेवून असायचा, नोंदणीच्या खिडकीवरून फोन करून म्हणाला, "सांग पटकन, मागे रांग आहे."

तिने तेव्हा चलतीत असलेलं एक छोटंसं, गोड नाव सांगितलं. मग घाईघाईने म्हणाली, "आणि मध्ये मावशीचं घाल."

"मावशीला काय सांगायचं?"

"बघते मी."

मावशी बाळाला बघायला आली, पदराखाली हात लपवत म्हणाली, "ठेवलंस खरंच?" तेव्हा दातवालीने फक्त मान हलवली. खोटं असं काही बोललीच नव्हती ती. नाव होतं की! पण कुठे होतं, ते तेवढं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहून गेलं, आणि मग ते सांगण्यासारखं उरलंच नाही.

निभावून नेणं सोपं होतं. मुलगी एका जागी टिकत नसे म्हणून घरीदारी सगळे तिला भिंगरी म्हणत. मावशी सुट्टीला यायची, दारातूनच आपलं नाव घेऊन पोरीला हाक मारायची, आणि भिंगरी ओ द्यायची. मधल्या नावाने मारलेली ही मावशीआजीची खास हाक, एवढंच तिला माहीत. प्रत्येक हाकेला दातवाली काहीतरी काम काढून आत जायची. नवरा एकदा हळूच म्हणाला, "हे फार दिवस झाकलं जायचं नाही." ती त्याच्यावरच खेकसली.

भिंगरी शाळेत पोहायला शिकली आणि पाण्यात कुणाला ऐकेना झाली. जिल्ह्याच्या शर्यती होत्या तेव्हा मावशी मुद्दाम रजा टाकून आली. गुडघे धरत धरत तलावाच्या गॅलरीच्या पायऱ्या चढली, पाण्याच्या औषधाचा वास आला तशी म्हणाली, "आमच्या धुलाईघरासारखाच वास आहे गं!" नवरा ड्यूटीवर होता. दोघी शेजारी शेजारी बसल्या. खाली सगळ्या पोरी सारख्या टोप्या आणि काळे चष्मे घालून उभ्या. मावशीला कुठली आपली ते ओळखू येईना. "नाव पुकारतील तेव्हा कळेलच," ती म्हणाली.

दातवालीला तेव्हा कुठे लख्ख जाणवलं की काय होणार आहे. 

शर्यत सुटली. मधल्या पट्ट्यातली एक पोर माशासारखी पुढे गेली ती गेलीच. लाउडस्पीकरवर नाव घुमलं, नुसतं पहिलं. टाळ्या झाल्या. मावशीनेही मोकळ्या मनाने टाळ्या वाजवल्या. "काय पोहते गं! कुणाची असेल ही?"

आता तरी सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. आणि दातवाली म्हणाली, "असेल कुणाची तरी."

पोटच्या पोरीला, ती जिंकून उभी असताना, तिने असं परकं केलं. मावशी खाली वाकून पाहत राहिली. "आपलीचं नाव कधी घेतील? घाबरली तर नसेल ना?"

तेवढ्यात भिंगरी धावत वर आली. टोपी हातात, अंगावरून पाणी निथळतंय, गळ्यात पदक. "मावशीआजी, पाहिलंस? पहिली आले!"

मावशीने पदक पाहिलं. खाली जिंकलेली पोर उभी होती ती रिकामी झालेली जागा पाहिली. मग भाचीकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मावशीने आपल्या पदराने पोरीचं डोकं पुसायला घेतलं, आणि पुसता पुसता अगदी सहज विचारलं, "तुझं पूर्ण नाव सांग बरं मला. ऐकू दे एकदा."

भिंगरीने ऐटीत सांगितलं.

"म्हणजे माझं मध्ये होय?"

"हो. माझ्या आणि बाबांच्या नावाच्या मध्ये."

"छान आहे की. दोन्हीकडून धरून ठेवलेलं," मावशी म्हणाली आणि डोकं पुसत राहिली. केस कोरडे झाले तरी पुसत राहिली.

पुढच्या वेळी फोन आला तेव्हा मावशीने विचारलं, "कशी आहे आपली..." आणि ते नवं नाव घेतलं. अडखळली, पुन्हा नीट घेतलं, जसं कुणी नव्या चपला घालून जपून चालतं तसं. त्यानंतर आपल्या नावाने तिने पोरीला कधी हाक मारली नाही. भिंगरीने कुरकुर केली, तर म्हणाली, "अगं, तेच सोपं आहे मला आता." दातवालीला तो फोन घेणं जड जाऊ लागलं. वाजला की नवऱ्याकडे सरकवायची.

मग मावशीची कवळी सैल झाली. जेवताना हातात घ्यावी लागे. दातवालीला वाटलं, आता हेच आपल्या हातात आहे. डॉक्टरांना विचारून तिने स्वतः माप घ्यायचं ठरवलं. एका सुट्टीच्या सकाळी मावशीला खुर्चीवर बसवलं, मापाचा लगदा कालवून साच्यात भरला आणि तो मावशीच्या तोंडात दाबून धरला. "जरा वेळ हलायचं नाही हं."

मावशीने डोळ्यांनीच हो म्हटलं. आणि त्या शांततेत दातवाली बोलायला लागली. साचे, पेन्सिलीतली नावं, रांगेतला फोन, मान हलवणं, गॅलरीतलं ते 'असेल कुणाची तरी', सगळं भडाभडा बाहेर आलं. डोळ्यांतून पाणी, आणि हातांनी मात्र साचा दाबून धरलेला, कारण माप हललं असतं. "मला तुझ्या नावाची लाज वाटली, मावशी," ती शेवटी म्हणाली.

माप घट्ट झालं. तिने साचा बाहेर काढला. मावशीने चूळ भरली, ओठ पुसले, आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, "माझं तोंड बंद असतानाच बोलायचं सुचलं होय तुला?"

दातवाली रडता रडता हसली. मावशी हसली नाही.

"मला तरी ते नाव कुठं आवडायचं? शाळेत पोरी चिडवायच्या. तू येऊन म्हणाली असतीस ना, 'मावशी, जुनाट वाटतंय गं', तर मीच म्हटलं असतं, मध्ये टाक, नाहीतर टाकूच नको. आठ-नऊ वर्षं मी त्या पोरीला हाक मारत होते आणि तू बघत होतीस. मला सांगितलं तर मी मोडून पडेन, असं वाटलं तुला? मी?"

 मावशीने भाचीच्या गालावर लागलेला लगदा अंगठ्याने पुसला. "राग नाही माझा. पण त्या दिवशी मी दुसऱ्याची समजून टाळ्या वाजवल्या गं. आपली म्हणून वाजवायच्या राहिल्या. ते काही आता परत येत नाही."

कवळी उत्तम बसली. मावशी ती घालून पुढे बरीच वर्षं जेवली, भांडली, हसली. पण हाक नव्या नावानेच मारत राहिली, शेवटच्या आजारातसुद्धा. दातवालीने एकदा तिला विनवून पाहिलं. मावशी म्हणाली, "आता जीभ वळत नाही." खरं की खोटं, कळायला मार्ग नव्हता.

मावशी गेल्यावर काही वर्षांनी भिंगरी त्याच तलावावर पोहायला शिकवायला लागली. एकदा डबा द्यायला गेलेल्या आईने पाहिलं, पाण्यातली चिल्लीपिल्ली तिला मावशीच्या नावाने हाका मारत होती. 'ताई' जोडून. दातवालीचे पाय तिथेच थबकले. घरी आल्यावर तिने भीत भीत विचारलं, "मावशीसाठी घेतलंस ते नाव?"

"नाही गं," भिंगरी जेवता जेवता म्हणाली. "पहिल्या नावाच्या आम्ही तिघी आहोत तिथं. सारखा गोंधळ व्हायचा. म्हणून मी मधलं घेतलं. लोकांना फार आवडतं, म्हणतात असं नाव आता ऐकायला मिळत नाही."

दातवालीने मान खाली घातली. मग, कुणास ठाऊक का, तिला वाटलं आपणही एकदा म्हणून पाहावं. तिने ते नाव उच्चारलं. आवाज चोरटा निघाला, साच्यावरचं नाव वाचून दाखवल्यासारखा.

भिंगरीचा घास हातातच राहिला. "तू नको, आई. तुझ्या तोंडून कसंतरीच वाटतं. तू आपली भिंगरीच म्हण."

"बरं," दातवाली म्हणाली. "अजून वाढू का?"