कलम तिसरे : डोळ्याला कोणाचाही हात लागता कामा नये!

भांडण सुरू करायच्या आधी मी चष्मा काढून खिशात घालतो. चळवळीत तीन चष्मे फुटल्यावर लागलेली ही शिस्त! माझा नंबर साडेसहा. चष्मा काढला की समोरचा माणूस धुक्यातल्या लिंबाच्या झाडासारखा दिसतो. पण घोषणेला डोळे लागत नाहीत, घसा लागतो.

माझी धाकटी बहीण संगीता पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे घाटनांदूरच्या रस्त्यानं ती पळायला लागली की पोरं मागं पडायची. पण डोळ्याचा नंबर साडेचार! चष्म्यावर भरती अडेल, असं अकॅडमीच्या सरांनी सांगितलं. आईला भरतीचं काही पडलं नव्हतं, सोयरिकीचं पडलं होतं. पाव्हणे आले की ती संगीताचा चष्मा डाळीच्या डब्यात लपवायची, आणि संगीता चहाचा ट्रे कपाटापुढं धरायची! (चष्मेवाला नवरा 'शिकलेला', चष्मेवाली पोरगी मात्र 'अधू'! या ढोंगावर मी दोन पत्रकं काढली. दोन्हींवर आईनं डाळ निवडली.)

गावात एक बॅनर लागला होता : 'पाच मिनिटांत चष्मामुक्त! सर्वांसाठी!' संगीता म्हणाली, "दादा, आधी डोळे तपासू." म्हणून अंबाजोगाईच्या डॉक्टरबाईंकडं गेलो. संगीताच्या डोळ्यांत पळताना घालायला नव्यानंच घेतलेल्या लेन्स बघून त्या म्हणाल्या, "दोन आठवडे लेन्स बंद करा, मग या. लेन्सनं बुबुळाचा आकार बदलतो, माप चुकतं."

झालं! मी चष्मा काढला.

"गरिबाला हेलपाटे का म्हणून? बॅनरवाला पाच मिनिटांत करतोय!"

"मग तिकडंच जा की," बाई म्हणाल्या, "फक्त येताना डोळे सोबत आणा."

यावर मी दहा मिनिटं बोललो. त्यातली नऊ मिनिटं मी भिंतीवरच्या कॅलेंडरला सुनावत होतो, हे संगीतानं एसटीत सांगितलं.

दोन आठवड्यांनी तपासणी झाली. वर्षभर नंबर हललेला नव्हता, हे बरं. पण बुबुळ पातळ निघालं.

"लॅसिक ऑपरेशनात बुबुळावरचा पापुद्रा कापून उचलतात, खाली लेझर मारून परत बसवतात," बाई संगीताला सांगत होत्या. (मला नाही. माझ्याकडं त्या बघतच नव्हत्या.) "तुझ्याकडं तेवढी जाडी नाही. शिवाय पोलिसात धक्काबुक्की, पापुद्रा सरकायला नको. स्माइल म्हणून दुसरी पद्धत आहे, तिच्यात छेद बारीक असतो, पण जाडी त्यालाही लागते. नंबर फार मोठा असता तर डोळ्याच्या आत लेन्स बसवण्याचा विचार केला असता. तुला पीआरके बरी. पापुद्रा नाही, वरची नाजूक साल काढून थेट लेझर. पण चार-पाच दिवस लई दुखतं, नजर बसायला महिने जातात, डोळे कोरडे पडू शकतात. भरती कधी?"

"सहा महिन्यांनी."

"मग जमेल."

एवढं नीट कोणी समजावून सांगितल्यावर रागवायचं कशावर? याचाच मला राग आला!

ऑपरेशन झालं. जखमेवर पट्टीसारखी एक लेन्स ठेवली आणि वर काळा गॉगल. चोळायचं नाही, धूळ नाही, डोळ्यात पाणी नाही. आमच्या गल्लीत आजाऱ्याला बघायला येणं म्हणजे आजाऱ्याला हाताळणं, हे ठाऊक असल्यानं मी तत्काळ पत्रक काढलं. कलमं सात. कलम तिसरं वर दिलंच आहे. फाटू नये म्हणून जाड लॅमिनेशन केलं आणि दाराला टांगलं.

तिसऱ्या दिवशी आत्या आली, नारायणगडाचा अंगारा घेऊन. पत्रकाला पिशवी अडकवून आत शिरली आणि संगीताचा गॉगल वर केला!

"बघू तरी, डोळा हाय का जाळला मेल्यांनी!"

"आत्या, हात काढ!"

"कावून? माझी भाची हाय ती! गडाचा अंगारा लावते अन् जाते."

"डोळ्यात राख? अंधश्रद्धेनं पोरीचा डोळा जाईल!"

"आरं इज्या, ऐक तरी..."

मी ऐकतोय कसला! चष्मा काढला, दारावरचं पत्रक उपसलं आणि "हे वाच!" म्हणून आत्याच्या तोंडापुढं खुपसलं. आत्या नेमकी पत्रकासोबत खाली पडलेली पिशवी उचलायला वाकली होती. तोंड संगीताचं होतं.

लॅमिनेशनचा कोपरा फार टोकदार असतो.

"अगं माय!" संगीता ओरडली. लेन्स निखळून गालावर आली.

अंगारा अजून पुडीतच होता. "मुडद्या," आत्या रडत म्हणाली, "कपाळाला लावणार व्हते मी! डोळ्यात कोण घालतंय? येवढं कळतं मला!"

अंबाजोगाईपर्यंत मी चष्मा एकदाही काढला नाही. पोरीची नजर, तिची वर्दी, पहाटेचं ते सगळं पळणं माझ्या एका कोपऱ्यानं गेलं होतं!

बाईंनी तपासलं. ओरखडा होता, पण भरून येणारा. नवी लेन्स, नवे थेंब, वेदना मात्र पहिल्यापासून.

"कशानं लागलं?"

संगीतानं चाचपडत पत्रक पुढं केलं. बाईंनी सातही कलमं वाचली.

"छान लिहिलंय. कोणी?"

"दादानं."

"आणि मारलं कोणी?"

"त्यानंच."

आता संगीता वर्दीत असते, बिनचष्म्याची. माझे डोळे बाईंनी तपासले; त्यांच्या मते मला कुठलंच ऑपरेशन झेपणार नाही, आणि तोंडावरचं तर अजून निघालेलंच नाही. परवा मोर्चात मी चष्मा काढून पोलिसी दडपशाहीविरुद्ध गर्जत होतो, तेवढ्यात बंदोबस्तातून ओळखीचा आवाज आला :

"दादा, चष्मा घाल. आमी इकडं हाव. तू मघापासून विजेच्या खांबाचा निषेध करतोयस!"