हरणाऱ्याने पाट घरी न्यावा

स्मृति नगरच्या बागेत गेली चार वर्षे मी ‘गो’ नावाचा खेळ शिकवीत आहे. शिकवणाऱ्याजवळ ज्ञान साठते, असा माझा समज होता. साठल्या त्या फजित्या! बागेतली मंडळी त्या हल्ली तिखटमीठ लावून सांगू लागली आहेत. म्हणून मीच त्या शुद्ध स्वरूपात नोंदवीत आहे.

खेळ दोघांचा. आडव्याउभ्या रेषांच्या पाटावर एकाने काळे, दुसऱ्याने पांढरे खडे एकेक करून मांडायचे आणि जागा वेढायची. चहूबाजूंनी कोंडलेला खडा कैद! इथल्या पोलाद कारखान्यात मी हेडक्लार्क होतो. निवृत्तीनंतर एका इंग्रजी पुस्तकावरून, शब्दकोश शेजारी ठेवून, हा खेळ स्वतः शिकलो. मंडळी मला ‘गुरुजी’ म्हणू लागली. मी हरकत घेतली नाही.

*

खडे चौकोनांत नव्हे, तर रेषा एकमेकींना छेदतात तेथे मांडायचे असतात, हे मला तीन महिन्यांनी समजले. पुस्तकाच्या दुसऱ्याच पानावर तसे स्पष्ट छापले होते. परंतु प्राथमिक प्रकरणे आपल्यासाठी नसतात, असे मानून मी पाचव्यापासून आरंभ केला होता.

“आजपासून नियमात सुधारणा आहे,” मी गंभीरपणे जाहीर केले.

देवाजी बोरकर हे माझे पहिले शिष्य. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. जन्म त्याच कारखान्याच्या भट्टीवर गेला. त्यांनी शांतपणे विचारले, “मंग तीन महिने आमी हारून राहिलो, ते कोन्या खेळात, गुरुजी?”

*

प्रारंभी काळे खडे म्हणजे सीताफळाच्या बिया आणि पांढरे म्हणजे वाल. पांढरे अर्थातच माझे. ते बलवान खेळाडूने घ्यायचे असतात. एकदा मी डोळे मिटून बराच वेळ चिंतन केले. उघडून पाहतो, तो माझे सात वाल नाहीसे!

“देवाजी, ही चाल सखोल आहे,” मी मोकळ्या मनाने दाद दिली.

“मी त हाललोच नाही, गुरुजी. खारीनं खेळली.”

दुसऱ्या दिवशी मी खरे खडे आणले.

*

एक तरुण फिरता फिरता थांबला. “अंकल, ये कैरम का कौन सा टाइप है?”

मी त्याला खेळाचे तत्त्वज्ञान अर्धा तास समजावून सांगितले. त्याने अत्यंत आदराने ऐकले.

“मतलब, स्ट्राइकर गुम गया है!”

*

पाट कुम्हारीच्या सुताराकडून करवून घेतलेला. सागवानी आणि चांगला आठ किलोंचा. त्यासाठी मी नियम केला : शेवटच्या डावात हरणाऱ्याने पाट घरी न्यावा आणि दुसऱ्या संध्याकाळी परत आणावा. शेवटचा डाव नेहमी माझा आणि देवाजींचा. चार वर्षांत मी पाट एकदाही उचलला नाही. देवाजी तो खड्यांच्या पिशव्यांसह सायकलला बांधून निमूट रिसालीला आपल्या घरी नेत.

मला दया येई. अगदीच कच्च्या खेळाडूला नऊ काळे खडे आधीच मांडून घेण्याची सवलत असते. ती मी उदारपणे देऊ केली.

“राहू द्या, गुरुजी,” ते म्हणाले. “मंग तुमाले पाट न्या लागंल.”

माझ्या कमरेची ही काळजी पाहून मला भरून आले.

*

मागच्या महिन्यात देवाजींचा चष्मा बाकावर राहिला. सकाळी तो द्यायला मी रिसालीला गेलो. दार उघडेच होते. गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणाऱ्या त्यांच्या पत्नी, कमलावहिनी, पलंगावर बसल्या होत्या. समोर पाट, पलीकडे देवाजी.

“हे काय करून राहिले?” वहिनी खेकसल्या. “गुरुजीवानी नोका खेळू. नीट खेळा!”

मी चष्मा खिडकीत ठेवला आणि परतलो.

संध्याकाळी मंडळींदेखत म्हणालो, “देवाजी, आज खरे खेळा.”

त्यांनी विचारले, “मंग पाट घरी कसा जाईन?”

“ती चिंता माझी.”

चार वर्षांचे गुरुपद अर्ध्या तासात संपले. जागा मोजण्याचीही गरज उरली नाही. नियम माझाच होता. पाट आणि खडे उचलले, स्कूटरवर ठेवले आणि घराकडे न वळता सरळ रिसाली गाठली.

“वहिनी, हरणाऱ्याने पाट घरी न्यावा, असा नियम आहे,” पाट पलंगावर ठेवीत मी म्हणालो. “कोणाच्या घरी, ते मी लिहिले नव्हते.”

वहिनींनी पदर सावरला आणि काळ्या खड्यांची पिशवी माझ्याकडे सरकवली.

“बसा, गुरुजी. नऊ आधी मांडून घ्या.”