वरची फळी, खालची फळी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा मनातल्या मनात हा भाग वगळून पुढे जाते मी. आज तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका — मलाही नीट कळलेलं नाही.

सेनगावात माझं नाव आहे ते नीटनेटकेपणासाठी. दिवाळीत घरच्या ओव्हनमध्ये नानकटाई, जिऱ्याची बिस्किटं आणि केक करून देते मी. बायका म्हणतात, वहिनीच्या स्वयंपाकघरात मुंगीलासुद्धा आपली जागा माहीत असते. लाइट कधी जाणार ते धरून मी भाजायच्या वेळा ठरवते. मैदा आधीच चाळून, मोजून पिशव्यांत भरलेला. अंड्याच्या केकचं पातेलं वेगळं, रवीच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला. बिनअंड्याचं सगळं वेगळं. आमच्या गल्लीत माळकरी घरं पुष्कळ. आमचे मामंजी स्वतः माळकरी — माझे सासरे. अंडं घरात आणायला त्यांनी परवानगी दिली ती एका शब्दावर. म्हणाले, "तुझ्यावर भरवसा हाय. शिवाशीव होऊ देऊ नको, बस."

आणि सुनंदा होती. तिच्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सांगून उपयोग काय?

सुनंदा जवळच्या तांड्यावरची. दिवाळीच्या आधी महिनाभर ती मदतीला यायची. दहावीपर्यंत शिकलेली. माझ्यापेक्षा तिचा हात हलका होता — हेसुद्धा मी कधी बोलले नाही. तिची नानकटाई वर बरोबर चार ठिकाणी तडकायची, फुलासारखी. बचत गटातल्या बायका म्हणत होत्या, पुढच्या साली सुनंदाला बसस्टँडजवळ बिस्किटांचं दुकान टाकून देऊ. ती त्या दुकानाचा विचार करायची, पाटी कोणत्या रंगाची असावी इथपर्यंत. मला विचारायची, "वहिनी, हिरवी बरी का पिवळी?" मी म्हणायचे, पिवळी.

भिंतीवर माझी यादी चिकटवलेली असायची. माझ्याच अक्षरात. कोणाचा केक, किती, कोणता. खाली ठळक — वरची फळी बिनअंड्याचे, खालची फळी अंड्याचे. दिसायला दोन्ही केक सारखेच, कागदात गुंडाळलेले. म्हणून तर फळ्या.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुपारी वरच्या फळीला मुंग्या लागल्या. सुनंदा गिरणीत गेली होती. मी घाईघाईनं वरचे केक खाली घेतले, खालचे वर ठेवले, फळ्या पुसल्या. वरच्या फळीला मुंग्या पुन्हा आल्याच तर अंड्याच्या केकना लागू देत, माळकऱ्यांचे तरी वाचतील — एवढाच विचार. यादी बदलायची, हेही डोक्यात आलं होतं. तेवढ्यात ओव्हनमधून जळका वास आला. मी तिकडे धावले.

एवढंच. इथपर्यंत ती चूक होती. चूक कोणाकडूनही होते, नाही का? मी इथंच थांबले असते तर आज हे लिहीत बसले नसते.

सुनंदानं संध्याकाळी यादी वाचून डबे भरले. बरोबर यादीप्रमाणे.

पाडव्याच्या सकाळी मामंजी ओट्यावर चहात केक बुडवून खात होते. शेजारच्या सरांची बायको हसत हसत आली. "वहिनी, आम्हाला बिनअंड्याचा दिला काय हो? दह्याचा वास येऊन राहिला."

मामंजींचा हात तसाच थांबला. दुसरा तुकडा होता त्यांच्या हातात. म्हणाले, "मंग माझा कोणता?"

मी आत गेले. भिंतीवरची यादी पाहिली आणि मुंग्या आठवल्या, फळ्या आठवल्या, सगळं एकदम. तेव्हा मी काय केलं? बाहेर जाऊन बोलले? नाही. यादी भिंतीवरून ओढली, चुरगळली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. पाणी तापत होतं. कागद लगेच पेटला.

मग बाहेर आले.

"डबे कोणी भरले?" नवऱ्यानं विचारलं.

"सुनंदानं," मी म्हणाले. हे खरंच होतं, नाही? पण तो पुढे म्हणाला, "तिला समजत न्हाई का कोणतं काय ते?" — आणि मी म्हणाले, "दहा वेळा सांगितलं होतं. लक्षच नसतं तिचं."

हे खोटं होतं. तिच्याइतकं लक्ष माझंही नसायचं.

दहा वाजता ती आली. नवीन साडी नेसून, ताटात तांड्यावरचा फराळ घेऊन, पाडव्याच्या पाया पडायला. नवरा तिच्यावर ओरडला. सगळी गल्ली ऐकत होती. ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिली, "दादा, म्या यादी पाहूनच भरलं." तो म्हणाला, "कुठंय यादी?" ती आत आली. भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले होते. तिनं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मैद्याच्या पिशव्या मोजत होते. त्या आधीच मोजलेल्या होत्या.

मामंजी तेवढे म्हणाले, "जाऊ दे तिला. पोरीनं मुद्दाम न्हाई केलं." मग त्यांनी गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. ज्यांनी माळ घातली होती त्या महाराजांनी सांगितलं, नकळत झालंय, पुन्हा घाला. त्यांनी घातली नाही. म्हणाले, "या वयात पुन्हा काहून?" गळ्यावर माळेचा फिकट वळ होता, तो दोन वर्षं मला रोज जेवण वाढताना दिसायचा. ते गेले ते माळेवाचून. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसून होते, दोघंच असायचो तासन् तास. सांगायला किती वेळ होता मला!

गल्लीत गोष्ट बदलत गेली. आधी सुनंदानं डबे बदलले. मग सुनंदानं मुद्दाम अंडं घातलं. मग — तांड्याचे लोक, त्यांना काय विटाळ. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, माझ्याच ओट्यावर. मी चहा गाळत होते. गाळत राहिले. बचत गटानं दुकानाचं नाव काढणं सोडलं. तिच्या हातचं घेणार कोण? पुढच्या दिवाळीपर्यंत ती नवऱ्यासोबत गाव सोडून गेली.

सहा वर्षांनी भेटली. मी साचे आणायला नांदेडला निघाले होते, वारंगा फाट्यावर बस थांबली. ढाब्याच्या मागच्या बाजूला ती भांडी घासत होती. तिनंच ओळखलं. हात पदराला पुसत धावत आली, "वहिनी!" म्हणून. चहा दिला. मामंजींचं विचारलं, गेले म्हटल्यावर खाली बसली.

मी विचारलं, "स्वयंपाक नाही करत इथं?"

"न्हाई. मालक म्हणते कर, पर मलाच भ्या वाटतं." ती हसली. "घरी भाजीत मीठ बी दोनदा पाहून टाकते म्या. हाताचा भरवसा न्हाई राहिला, वहिनी. लई दिवस म्या म्हणत होते, यादीत तसंच होतं. मंग इचार केला, वहिनीच्या घरात कधी काही चुकते का? माझंच वाचण्यात चुकलं असंल. बाबांची माळ माझ्यामुळं गेली."

आणि तिनं माझे पाय धरले. ढाब्यावर, सगळ्या प्रवाशांसमोर. तिचे हात ओले होते.

आता सांगते. यादी जाळली ते नव्हे, खोटं बोलले ते नव्हे, हे सांगायचं होतं मला. मी तिला उठवलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "जाऊ दे सुनंदा. झालं गेलं. मी मनात काही ठेवलेलं नाही."

मी तिला माफ केलं.

तिचा चेहरा किती हलका झाला ते मी पाहिलं. कंडक्टर हाका मारत होता. मी चहा संपवला आणि बसमध्ये जाऊन बसले.

यंदा पुन्हा त्या वाटेनं गेले. रस्ता रुंद झालाय, तो ढाबा राहिला नाही. पानटपरीवाल्याला विचारलं, सुनंदा म्हणून एक बाई भांडी घासायची इथं, कुठं गेली?

"कोणती सुनंदा, बाई? लई आल्या न् लई गेल्या."

तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. त्या दिवशी ती देत होती. मी म्हटलं होतं, पुढच्या वेळी घेते. तिच्या तांड्यावर जाऊन विचारता आलं असतं — सेनगावहून जीप जाते. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. मी गेलेली नाही.