न विझणारी ठिणगी

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. प्रयोगशाळेतल्या खुर्चीत मी टेकते, डोळे जड होतात आणि एसीची घरघर लांब लांब जाते. विमानासाठी आम्ही बनवलेली पाचशे चाळीस व्होल्टची डीसी वीजव्यवस्था आज संध्याकाळी पहिल्यांदा आकाशात जायची आहे. उड्डाणाला हो म्हणायचं ते मी.

समोर खळदकर सर उभे असतात. माझे जुने साहेब. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. अंगात तोच बिनबाह्यांचा स्वेटर. सर जन्मभर विमानातल्या जुन्या अठ्ठावीस व्होल्टवाले. आमचं शेवटचं बोलणं या पाचशे चाळीसवरूनच कडू झालं होतं.

मी घाईघाईने बाजू मांडते. व्होल्टेज वाढवलं की तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो, तारा बारीक होतात, विमान हलकं होतं. सर मान डोलावतात. गेल्यापासून त्यांचंही वजन बरंच उतरलंय, त्यामुळे मुद्दा पटतो म्हणतात.

आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात आहोत. ओट्यावर आमचा कॉन्टॅक्टर, म्हणजे करंट तोडणारा दांडगा स्विच. सर तो उघडतात. दोन टोकांमध्ये निळी ठिणगी ताणली जाते आणि विझायचं नाव घेत नाही. सर शांतपणे तिच्यावर चहाचं आधण ठेवतात.

"एसी करंट घडोघडी शून्यावर येतो, तिथे ठिणगीचा दम तुटतो," ते म्हणतात. "डीसी खाली येतच नाही. तुझ्यासारखा."

खिडकीबाहेर ढग खाली जाऊ लागतात. कानांना दडे बसतात. हवा विरळ होते तशी ठिणगी लांबते, पार मिसळणाच्या डब्यापर्यंत पोचते. सर हवाईसुंदरीच्या अदबीने ताटली पुढे करतात. मी आलेपाकाची वडी तोंडात टाकते.

"हा स्विच विरळ हवेत तपासलास?"

जमिनीवर तपासलाय, मी पुटपुटते. वरही चालेल असं पुरवठादार म्हणाला.

"मग मी एवढ्या उंचीवरून चहा प्यायला आलोय का, हेमांगी?"

"सर, तुम्ही अजून रागावलायत?"

"होतो," ते कपात चहा ओततात. "ते वजनही उतरलं."

मी दचकून जागी होते. ताबडतोब फोन लावते: आजचं उड्डाण रद्द, स्विच आधी विरळ हवेच्या कक्षात घालून तपासा. पलीकडे वैमानिक तोरस्कर कुरकुरतात. मग विचारतात, मॅडम, तुमचे शब्द असे बोबडे का येतायत?

मी जीभ फिरवून बघते. साखर सोडून मला वर्ष झालंय, आणि दाढेला आलेपाक चिकटलाय. अजून तिखट आहे.