उबदारमधलं दार

सुगंधाच्या त्या कारखान्यात नाकबाईंना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागायचं. एरवी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना नाकबाईच म्हणत, आणि बाईंनाही ते आवडायचं. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचा मला पगार मिळतो, असं त्या स्वतःच सांगत आणि स्वतःच आधी हसत. काम खरंच तसं होतं. अत्तर बनवणारे वेगळे, ते पास की नापास हे सांगणाऱ्या या. नवा नमुना आला की कागदाची पांढरी पट्टी बाटलीत बुडवायची, नाकाखालून फिरवायची, एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच खरं काम. अत्तर आल्या आल्या जे सांगतं ते टिकत नाही, म्हणून सकाळी हुंगलेल्याचा निकाल दुपारी द्यायचा, अशी तिथली रीत होती.

ही रीत त्यांना मास्तरांनी शिकवली होती. मास्तर म्हणजे तिथले सगळ्यात जुने अत्तर बनवणारे, नाकासमोर चालणारा माणूस, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. बाई नव्या होत्या तेव्हा फार घाई करायच्या. मग मास्तर त्यांच्या हातातून पट्टी हळूच काढून घेत आणि म्हणत, "थांब जरा. आधी त्याला बोलू दे, मग तू बोल."

पण बाईंचं नाव झालं ते थांबण्यामुळे नाही, जिभेमुळे. त्या एका शब्दात निकाल लावायच्या. एका गुलाबाला त्यांनी 'साबण' म्हटलं, एका चंदनाला 'शिसपेन्सिल', आणि ती दोन्ही अत्तरं तिथेच आडवी झाली. पुढे पुढे बैठकीत लोक नमुन्यापेक्षा बाईंच्या शब्दाची जास्त वाट बघायला लागले. आता लोक असे तोंडाकडे बघत बसले की काहीतरी चमचमीत बोलावंच लागतं. बाईंनाही त्याची चटक लागली होती. कबूल मात्र त्या कधी करत नव्हत्या.

तर त्या दिवशीची बैठक. लांब टेबल, एका टोकाला साहेब, बाजूला विक्रीखात्याचे दोघं, आणि भिंतीला लागून खुर्च्यांवर अत्तर बनवणारी मंडळी. बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव नसतं, म्हणजे कुणाची भीडभाड नको. फक्त एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर, अत्तर कसं वाटावं ते सांगणारा एक शब्द. त्या दिवशीच्या बाटलीत गडद मधाच्या रंगाचं अंबर होतं. अंबर म्हणजे राळ, व्हॅनिला असल्या गोडसर, जड वासांचं मिश्रण. थंडीत अंगावर पांघरूण घ्यावं तसं ते नाकाला वाटलं पाहिजे. त्यात फळं घातलेली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'उबदार'.

बाईंनी पट्टी हुंगली. पिकून मऊ पडलेलं जर्दाळू, त्याच्यामागे आलुबुखार, आणि खाली काहीतरी कोंडल्यासारखं, अजून न उलगडलेलं. त्यांनी सवयीनं थेंब कोपराला लावला. इथे गप्प बसायचं होतं. पण नजर चिठ्ठीवर गेली आणि शब्द कसा टपकन जिभेवर येऊन बसला.

"उबदारमधलं दार काढा," बाई म्हणाल्या, "आणि तिथे ट बसवा."

सगळ्यांनी मनातल्या मनात बोटांवर हिशेब केला. मग विक्रीवाल्याची ट्यूब पेटली. "उबट," तो म्हणाला आणि टेबलावर हात आपटून हसायला लागला. उबट, म्हणजे ओलसर कपडे घडी करून कपाटात कोंबले की येतो तो वास. साहेबांना ठसका लागला. हसता हसताच त्यांनी बाटली उचलून नापासाच्या ट्रेमध्ये टाकली. भिंतीकडच्या खुर्चीत मास्तरही हसत होते. चष्मा काढून त्यांनी डोळेसुद्धा पुसले. आज काय जमून गेलं, असं म्हणत बाई खुशीत घरी गेल्या.

घरी सासूबाई. सासूबाई म्हणजे कौतुकाच्या बाबतीत एकदम चिकट बाई. सुनेनं केलेलं काही आवडलं तर गप्प राहतील, नावडलं तर शेजारणीला कळेल. त्या संध्याकाळी भाजी निवडताना त्या मधेच थांबल्या.

"कसला गं वास येतोय तुला?"

"कारखान्याचा असेल. अंघोळ करून येते."

"कशाला? बस की इथेच जरा." आणि त्या बाईंच्या अंगाला टेकून बसल्या, लग्नानंतर कधी बसल्या नव्हत्या इतक्या जवळ. "बरं वाटतंय," म्हणाल्या.

बाईंनी कोपर नाकाशी नेलं. फळं आता मागे सरून शांत झाली होती. कोंडलेलं जे वाटलं होतं ते सगळं मोकळं झालं होतं आणि त्यातून अंबर वर आलं होतं, गोड पण चिकट नाही, जड पण दमवणारं नाही. उबदार. चिठ्ठीवर लिहिलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. इतक्या वर्षांत असं अंबर त्यांच्या नाकाखालून गेलं नव्हतं.

बाईंना लाज वाटली. साधी चूक झाली असती तर एक वेळ चाललं असतं, नाक आहे, चुकतं. पण इथे नाक चुकलंच नव्हतं. नाक सांगत होतं, थांब, अजून उलगडायचंय. जिभेला धीर धरवला नाही. एका फालतू कोटीसाठी त्यांनी कुणाच्या तरी महिनोन् महिन्यांच्या कामावर पाणी ओतलं होतं, आणि वर हसं करून. भाजी निवडताना त्यांनी देठ पातेल्यात आणि पानं कचऱ्यात टाकली. सासूबाई चक्क काही बोलल्या नाहीत.

सकाळी बाई आधी साहेबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "साहेब, कालचं अंबर पास आहे. मी थांबले नाही. माझं चुकलं."

साहेब माणूस भला. "मग पास करू, त्यात काय," ते म्हणाले. "पण अवघड झालंय. ते मास्तरांचं होतं. काल जाताना ते राजीनामा देऊन गेले, म्हणे आता बास. त्यांच्या हाताशिवाय ते पुढे जायचं नाही. तुमचं ऐकतील ते. घेऊन या त्यांना."

मास्तरांचं. काल चष्मा काढून डोळे पुसत होते ते.

मास्तरांच्या घरी दार त्यांच्या बायकोनं, काकूंनी उघडलं. मास्तर खिडकीशी बसले होते. बाईंना बघून उठले, स्वतः खुर्ची पुढे केली, रागाचा मागमूस नाही. तेच बाईंना सहन होईना.

"मास्तर, मी काल चुकीचं बोलले," त्या म्हणाल्या. "अत्तर फार सुंदर आहे. संध्याकाळी कळलं मला. कोटी सुचली म्हणून बोलून गेले, बाकी काही नाही. साहेबांनी पास केलंय. चला तुम्ही."

मास्तर हसले. "बस आधी. तुला एक सांगतो, कारखान्यात कुणाला माहीत नाही. मागे तो ताप आला ना मला, त्यात माझं नाक गेलं होतं. पार गेलं होतं. मग हळूहळू आलं, म्हणजे मला वाटलं आलं. खात्री कशी करणार? म्हणून हे अंबर केलं. नाव नसतंच बाटलीवर. म्हटलं, पोरीच्या नाकाखालून जाऊ दे. ती सांगेल ते खरं."

"अहो, पण मी खरं सांगितलंच नाही. मी गंमत केली."

"मला ते उबदार वाटलं होतं," मास्तर म्हणाले. "तुला उबट वाटलं. म्हणजे काय समजायचं ते मी समजलो."

बाईंनी घाईघाईनं पर्समधून कालची पट्टी काढली आणि त्यांच्या हातात दिली. "हे बघा. आत्ता बघा कसं झालंय."

मास्तरांनी डोळे मिटून पट्टी हुंगली. बराच वेळ हुंगली. त्यांचा चेहरा सैल पडला, आणि बाईंना वाटलं, सुटले.

"मला छानच वाटतंय," ते म्हणाले. "तोच तर घोळ आहे." पट्टी त्यांनी नीट परत दिली. "तू माझ्यासाठी इथवर आलीस, साहेबांकडे शब्द खर्ची घातलास. मन मोठं आहे तुझं. पण नाकाच्या बाबतीत तू कधी कुणाची भीड ठेवत नाहीस, हे मीच सगळ्यांना सांगत आलोय. आता म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं नको बोलूस."

बाईंनी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली, रडल्या, सासूबाईंचं सांगितलं. जेवढं जास्त सांगावं तेवढी मास्तरांची नजर मऊ होत गेली, आणि शेवटी ते त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुरे आता. चहा घे."

चहा त्यांनी घेतला. कप तसाच ठेवायची हिंमत झाली नाही.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. मागे एकदा बघून आवाज खाली आणत म्हणाल्या, "मी रोज म्हणते त्यांना, अहो, छान वास आहे, किती छान आहे. पण माझं कोण ऐकतंय? तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत. तू एकदा सांगून बघ ना."

"सांगितलं काकू," बाई म्हणाल्या.