‘वाटतंय’ आणि ‘आहे’

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरच्या ईस्ट हार्लोची गावसभा मार्चच्या पहिल्या मंगळवारी शाळेच्या व्यायामशाळेत भरते आणि व्हर्ना पेल्की तिची अध्यक्ष असते. तिच्याआधी हे काम तिचे वडील करत. ते गेले त्या वर्षी कुणीतरी म्हणाले, शाळेची बस चालवणाऱ्या बाईचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचतो, तिलाच बसवा. तेव्हापासून दरवर्षी तिचेच नाव निघते, आणि दरवर्षी ती तोंड वाकडे करून अध्यक्षाचा हातोडा उचलते.

सभेत एकमेकांशी बोलायचे नाही. भाऊ भावाशी भांडत असला तरी ‘अध्यक्षबाई’ म्हणून तिच्याकडे तोंड करून भांडायचे. अध्यक्षाने स्वतःचे मत सांगायचे नाही. सांगायचेच असेल तर हातोडा दुसऱ्याच्या हाती देऊन खाली उतरायचे. व्हर्ना कधी उतरली नव्हती. आवाजी मत घेतले की ती आधी म्हणे, “‘होय’ जास्त वाटतंय,” आणि श्वासभर थांबे. तेवढ्यात एकाने जरी “शंका आहे” म्हटले, तरी माणसे उठून दोन बाजूंना उभी राहत आणि डोकी मोजली जात. कुणी काही बोलले नाही, तर ती म्हणे, “‘होय’ जास्त आहे,” आणि हातोडा पडे. तिचा नवरा आर्मां तिला चिडवायचा, “घरात मेलं एकदाही ‘वाटतंय’ नाही. घरात सगळं ‘आहे’च!”

आर्मां सीमेपलीकडचा, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या सेंट-ओदिलचा. व्हर्नाचे घर उत्तरेच्या रस्त्याच्या टोकाला आहे. गावाचा आगीचा बंब मधल्या टेकडीच्या पलीकडे, गावात असतो. सेंट-ओदिलचा बंब त्याच्या कितीतरी आधी तिच्या दारात पोहोचतो. तिचा गोठा जळाला तेव्हा घर वाचले ते त्या बंबामुळे. एकमेकांच्या आगीला धावून जायचा करार दोन्ही गावे दरवर्षी नवा करत. ठराव वाचून होण्याआधीच लोक ‘होय’ म्हणत. तिकडच्या बंबाचा प्रमुख रेजाँ गोसलाँ, आर्मांचा भाचा, त्या दिवशी मांसाचे सारण भरून भाजलेली जाड पोळी घेऊन येई आणि बाजूच्या बाकावर बसे.

मग वॉशिंग्टनमध्ये सरकार बदलले. कॅनडाच्या मालावर कर बसले, तो देश आपल्यातच घ्यावा अशी भाषाही झाली. सेंट-ओदिलची माणसे सामानाला आणि पेट्रोलला इकडे यायची बंद झाली. डेल्बर्ट कॉर्लिसचा पेट्रोल पंप ओस पडला. त्या मार्चमध्ये कराराचा ठराव आला तेव्हा डेल्बर्ट उभा राहिला.

“अध्यक्षबाई, माझं गिऱ्हाईक त्यांनी तोडलं. सामन्यात आपल्या खेळाडूंची हुर्यो उडवतात. आणि आग लागली की आपण त्यांनाच हाका मारायच्या? एवढी लाचारी?”

मागे विणकाम करत बसलेली आयोना स्टेबिन्स मान वर न करता म्हणाली, “अध्यक्षबाई, कर त्यांनी लावले की आपण, ते विचारा त्याला.”

“मला सरळ विचार की!”

“सरळ नाही विचारायचं,” व्हर्ना म्हणाली. “माझ्याकडे बघ.”

लोक हसले. डेल्बर्ट हसला नाही. “बघतो तुझ्याकडे. करार गेला तर आगीत पहिलं घर तुझंच जाणार. बोलायचं असेल तर हातोडा ठेव नि ये खाली.”

“मी काय बोलले?”

“चेहरा बोलतोय.”

तिने मत मागितले. ‘होय’ जोरात आले, पुढच्या बाकांवरून. ‘नाही’ खालच्या आवाजात आले, पण कुठून कुठून आले ते तिला नीट कळेना. तिला ‘होय’ जास्त वाटले. आणि वाटताक्षणीच ठाऊक झाले की आज आपला कान आपल्याच घराकडे कलला आहे. एकदम ‘आहे’ म्हणून टाकले असते तर कुणी अडवले नसते. जेवणाचा वास येऊ लागला होता आणि डेल्बर्ट बुटाची नाडी बांधायला वाकला होता.

“‘होय’ जास्त वाटतंय,” ती म्हणाली आणि थांबली. नाडी बांधून होईपर्यंत थांबली.

डेल्बर्टने मान वर केली. “शंका आहे.”

‘होय’वाले खिडक्यांकडे गेले, ‘नाही’वाले बास्केटबॉलच्या जाळीखाली. जे गप्प बसले होते ते जवळजवळ सगळे जाळीखाली गेले. तिने एकदा मोजले, मग दुसऱ्या कोणाला मोजायला लावले.

“ठराव नामंजूर,” तिने हातोडा मारला. “पुढचा ठराव. दफनभूमीचं कुंपण.”

जेवणाला राजमा आणि डुकराचे मांस होते. रेजाँने आपली पोळी मध्ये ठेवली. डेल्बर्टने दोन तुकडे उचलले. “लवंग जास्त झालीय रे या वर्षी.”

“लवंग नाही, तुमचा कर आहे तो,” रेजाँ म्हणाला. मग व्हर्नाजवळ सरकून, “मामी, एवढी थांबलीस कशाला?”

“थांबतेच मी.”

“धूर दिसला तर मी येणार. ठराव वाचत बसणार नाही.”

“मी बोलावणार नाही.”

“वेडी आहेस का? घर जाईल.”

“सभेत मी सगळ्यांना गप्प करते, रेजाँ. सभेने सांगितलेलं मी ऐकलं नाही, तर पुढच्या वर्षी कोण गप्प बसेल?”

रेजाँ आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला आणि जेवू लागला.

दुपारी खुर्च्या मिटताना डेल्बर्ट तिच्याजवळ आला. “तुझ्या घरामागच्या तळ्यावर बर्फ किती जाड आहे?”

“का?”

“माझ्याकडे पाणी ओढायचं जुनं इंजिन पडलंय. बर्फाला भोक पाडून पाईप सोडला, की आग लागली तर छपरापर्यंत पाणी जाईल. शनिवारी येऊन बसवतो.”

“शनिवारी मी बस धुते.”

“मग रविवारी.”

व्हर्नाने हातातली खुर्ची भिंतीला टेकवली. “चालतं का ते?”

“मागच्या उन्हाळ्यात चालत होतं,” डेल्बर्ट म्हणाला आणि पुढची खुर्ची मिटू लागला.