न चाखता केलेल्या सह्या

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. निवृत्तीनंतर शाळेच्या आठवणी लिहायला बसलो तेव्हा बदल्यांचे किस्से लिहिले, सहलींचे लिहिले, एका सहलीत केळझरच्या देवळाबाहेर चुकलेल्या चपलांचाही लिहिला. या गोष्टीपाशी आलो की मला नेमकं रक्तदाबाचं औषध आठवायचं आणि मी उठायचो. अशी बरीच वर्षं गेली. आता उठून जायला फारशी जागा उरलेली नाही, म्हणून लिहितो आहे.

वडनेरच्या पुढे, सडकेपासून आत असलेल्या एका गावात मी मुख्याध्यापक होतो. सातवीपर्यंतची शाळा, चार शिक्षक. वर्ध्याला एक प्रशिक्षण झालं, जीवनकौशल्यांचं. चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, रोजच्या अडचणी डोकं वापरून कशा सोडवायच्या, असं तीन दिवस चाललं. मी भारावून परतलो आणि पेंटरकडून व्हरांड्याच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहून घेतलं: पाहा. प्रश्न विचारा. ताडून पाहा. नवा मार्ग शोधा. तपासणीला येणारे साहेब त्या भिंतीपुढे थांबत, मान डोलवत. मला 'विचार करायला लावणारे सर' म्हणत. ते ऐकायला मला फार आवडायचं.

शाळेत खिचडी शिजवायला एक बाई होत्या. चौथी शिकलेल्या, नवरा वारलेला, एक मुलगी हिंगणघाटला कॉलेजात. गावातल्या बौद्ध वस्तीत राहायच्या. मुलं त्यांना मावशी म्हणायची, म्हणून आम्हीही मावशी म्हणायचो. काही घरच्या पालकांनी आपल्या मुलांना त्यांच्या हातचं खायचं नाही असं बजावून ठेवलं होतं. ती मुलं घरून डबा आणत. कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि उघड कोणीच बोलत नव्हतं. मीही नाही. दर चौदा एप्रिलला मी त्याच वस्तीत जाऊन समतेवर भाषण करत होतो, हेही लिहून ठेवतो.

नियम असा आहे की शिजलेलं अन्न मुलांना वाढण्याआधी मुख्याध्यापकाने चाखायचं आणि चव नोंदवहीत शेरा लिहून सही करायची. मी सही करायचो. 'चव चांगली.' कधी 'चव उत्तम.' चाखत नव्हतो. मला आम्लपित्त आहे, बाहेरचं चालत नाही, असं मी सांगून ठेवलं होतं आणि ऑफिसात दार लोटून घरचा डबा खात होतो. पण मला आम्लपित्त नव्हतं. हिंगणघाटच्या स्टँडवर मी मिरचीची भजी खायचो. खरं कारण त्या डबा आणणाऱ्या मुलांच्या घरी होतं तेच माझ्याही घरी होतं. फक्त ते लोक ते लपवत नव्हते आणि मी भिंतीवर निळी अक्षरं लिहून लपवत होतो.

एका वर्षी पावसाळ्यानंतर मुलांच्या पोटात दुखायला लागलं. दोन-तीन मुलं, मग पाच-सहा. उलट्या, जुलाब. गावात कुजबुज सुरू झाली आणि ती खिचडीकडेच वळली.

एका दुपारी मावशींनी मला स्वयंपाकखोलीत बोलावलं. मी दारातच उभा राहिलो. माझ्यामागे आमचे एक गुरुजी होते. चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढलेल्या होत्या.

"सर, हे पाहा. एक रेघ म्हंजे एक लेकरू. ज्याचं पोट दुखलं त्याची रेघ. आन् ज्या रेघेवर टिंब हाये ना, ते लेकरू माह्या हातचं खात नाई. घरून डबा आणते."

"मग?"

"मंग टिंबवाल्या रेघा पाहा ना किती हायेत. खिचडी खाल्लीच नाई, तं खिचडीनं पोट कसं दुखीन त्याइचं?"

मी रेघांकडे नुसता पाहत होतो. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्या सावकाश सांगू लागल्या, मी वर्गात सांगायचो तशा.

"हे सारं सोमवारी होते. नाईतं सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी. खिचडीचं पाणी हापशीवरचं, तेबी उकळते. लेकरं पेतेत थे गच्चीवरच्या टाकीचं. सुट्टीत थे पाणी तसंच पडून राह्यते. सडकेकडच्या त्या दोघी बहिणी पाह्यल्या का? रोज दोन-दोन डाव खिचडी खातेत, पण पाणी घरून बाटलीत आणतेत. त्याइले एकदाबी काही झालं नाई."

गुरुजी हसले. "मावशीले पुढच्या प्रशिक्षणाले पाठवा सर, आपल्याले सुट्टी."

"थट्टा नोका करू गुरुजी," त्याही हसल्या. "सरांनीच लेहून ठेवलं ना, ताडून पाहा म्हून. मी थेच केलं. आन् दर शनिवारी टाकी खाली करून टाकू. पाणी वाया नाई जाणार, मांगं वांग्याचे, पालकाचे वाफे करू आन् तिकडं सोडून देऊ. भाजीबी होईन."

माझ्या भिंतीवरची चारही वाक्यं त्या बाईने माझ्यासमोर करून दाखवली होती. इतक्या वर्षांत एकाही मुलाने किंवा शिक्षकाने इतकं नेमकं काही केलं नव्हतं. आणि मी म्हणालो, "मावशी, तुम्ही खिचडीचं पाहा. विचार करायला आम्ही आहोत ना."

त्या चुलीकडे वळल्या. झाकण उचलून खिचडी हलवू लागल्या.

टाकी साफ करून घेणं हे माझं काम होतं. दोन वर्षं मी वर चढून पाहिलं नव्हतं. पण मला जास्त टोचली ती टिंबं. भिंतीवरच्या त्या टिंबांमध्ये एक माझंही असायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरली. एका पालकाची मुलगी हिंगणघाटला दवाखान्यात तीन दिवस सलाइनवर होती. ते उभे राहून म्हणाले, "आमाले जास्त बोलता येत नाई. बाई बदला, एवढंच हाये." त्यांची मुलगी खिचडी खात नव्हती. घरून डबा आणत होती. खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. ते बोलायचं तर ती का खात नव्हती हेही बोलावं लागलं असतं.

मावशी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सरांना मी सारं दाखवलं हाये. सर सांगतीन."

अध्यक्षांनी चव नोंदवही पुढे ओढली. "सर, तुम्ही तं रोज चाखता. इथं सह्या हायेत तुमच्या. काय वाटलं तुम्हाले?"

तेव्हा दोनच गोष्टी बोलण्यासारख्या होत्या. एक, मी कधी चाखलंच नाही. दुसरी, रेघा काय सांगतात ती. मी दोन्ही बोललो नाही. मी म्हणालो, "चव तशी बरी असते. पण अलीकडे कधीकधी थोडी कच्ची राहते."

कोणीही मला एवढं बोलायला सांगितलं नव्हतं. शब्द आपोआप आले, आणि इतके सहज आले की माझाच त्यांच्यावर विश्वास बसला.

"सर," मावशी म्हणाल्या, आणि पुढे बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोंदवही सरळ करून ठेवत होतो. त्या दिवशीची भांडी घासून, ओटा पुसून, किल्ली टेबलावर ठेवून त्या गेल्या.

नवी बाई आली. डबे बंद झाले, सगळी मुलं एका पंगतीत खिचडी खाऊ लागली. गावाला फार बरं वाटलं. आणि पहिल्याच सोमवारी सात मुलं पोट धरून व्हरांड्यात बसली.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी शिडी लावून गच्चीवर गेलो. टाकीचं झाकण फुटलेलं होतं. आत कबुतराची पिसं तरंगत होती आणि तळाला हातभर गाळ. दुसऱ्या दिवशी दोन माणसं लावून टाकी धुऊन घेतली, झाकण बदललं, मागे वाफे करून शनिवारी त्यांत पाणी सोडून द्यायला सुरुवात केली. पोटदुखी थांबली. मी गावात काहीच सांगितलं नाही. गावाने आपला हिशेब लावला: बाई बदलली आणि लेकरं बरी झाली.

मी एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ लिहायला इतकं जड गेलं नसतं. स्वयंपाकखोलीला चुना मारायच्या आधी मी त्या रेघा टिंबांसकट वहीत उतरवून घेतल्या. वर्षाअखेरीस वर्ध्याला शिक्षकांच्या उपक्रमांचं सादरीकरण होतं. तिथे मी पडद्यावर त्या दाखवल्या. शीर्षक दिलं, 'सोमवारच्या पोटदुखीचा शोध'. रेघ म्हणजे आजारी मूल, टिंब म्हणजे घरचा डबा. डबा का, ते सांगितलं नाही. वांगी-पालकाच्या वाफ्यांचे फोटोही दाखवले. एका तरुण शिक्षिकेने विचारलं, "सर, ही टिंबाची कल्पना तुम्हाला कशी सुचली?"

"निरीक्षणातून," मी म्हणालो. टाळ्या झाल्या. प्रमाणपत्र मिळालं. त्याची चौकट अजून माझ्या घरी आहे. भिंतीवरून काढून कपाटामागे ठेवली आहे, फेकायचं धाडस झालेलं नाही.

निवृत्तीनंतर मी वर्ध्याला घर घेतलं. मावशींची मुलगी वर्ध्यातच एका कार्यालयात नोकरीला लागली आहे आणि त्या तिच्याकडे राहतात, हे कळायलाही मला तीन वर्षं लागली, कारण मी विचारतच नव्हतो. शेवटी एका दुपारी गेलो. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. शेजारीण डोकावली तर तिला म्हणाल्या, "आमच्या शाळेचे सर हायेत." त्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "मावशी, मी तेव्हा खिचडी कच्ची राहते म्हणालो..."

"तुम्ही खातच नव्हते," त्या म्हणाल्या. "तुमच्या डब्याचं झाकण पडे तं आवाज येये ना स्वयंपाकखोलीत."

"मग सभेत का नाही बोललात?"

"मी कायले बोलू? तुमच्या तोंडून निघन म्हून थांबली होती."

मी कप खाली ठेवला. "मावशी, आज मी त्यासाठीच आलो आहे. मला तुमची..."

"थांबा जी." त्यांनी हात वर केला. "मले एकटीले सांगून काय होते? मले तं माहीतच हाये. ज्याइले माहीत नाई त्याइले सांगा. माही भावजय त्याच गावात राह्यते. तिले अंगणवाडीत सैपाकाचं काम भेटून राह्यलं, तं लोक म्हणतेत, हिच्या नणंदेनं शाळेतले पोट्टे आजारी पाडलते. तिचं काऊन नुकसान? तिथं जाऊन सांगा. मंग या."

मी हो म्हणालो. खरंच मनापासून म्हणालो.

संधीही लगेच मिळाली. सव्वीस जानेवारीला शाळेने जुन्या मुख्याध्यापकांना बोलावलं. मी जाण्याआधी वाक्यं पाठ केली होती. झेंडावंदन झालं, माझा सत्कार झाला. शाल त्याच पालकांनी घातली, ज्यांची मुलगी सलाइनवर होती. ते आता समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. फाटकाजवळ बायकांमध्ये मावशींची भावजय उभी होती. मी माइकपुढे गेलो, आणि वीस मिनिटं मुलांना विचार करायला शिका असं सांगितलं. प्रश्न विचारा, कोणी सांगितलं म्हणून मानू नका, ताडून पाहा. ओळखीची वाक्यं होती, ती आपली येत राहिली. शेवटी पाठ केलेलं पहिलं वाक्य ओठांवर आलं तेव्हा मी 'जय हिंद' म्हणून खाली बसलो.

निघताना भावजय पुढे आली. "सर, नणंदबाई म्हणे, तुम्ही आज काही सांगणार हाये म्हून."

"वेळ कमी पडला," मी म्हणालो.

"हो जी," ती म्हणाली आणि बाजूला झाली. अंगणवाडीचं काम दुसऱ्या बाईला मिळालं.

मी मावशींकडे परत गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतो? दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचा फोन आला, आई गेली म्हणून. त्या दुपारी निघताना मी दिलेला नंबर मावशींनी तिला लिहून ठेवायला लावला होता. सर फोन करतीन, असं त्या बरेच दिवस म्हणत होत्या, हे मुलीने सहज सांगितलं. तिला बाकी काही माहीत नव्हतं.

आता अंगणवाडीचं ते काम भावजयीला परत मिळणार नाही. तरी गावात हे वाचणारं कोणीतरी असेल, म्हणून त्या सकाळी माइकपुढे जे बोलायचं होतं ते पाठ केलं होतं तसंच इथे लिहितो:

"गावकरी मंडळी, तुमची लेकरं आजारी पडली ती टाकीच्या पाण्याने. टाकीकडे मी लक्ष दिलं नाही. हे शोधून काढलं ते मावशींनी, आणि ते मी माझ्या नावावर खपवलं. त्यांची खिचडी कच्ची राहते हे मी खोटं बोललो. मी ती एकदाही खाल्ली नव्हती, त्यांच्या जातीमुळे. त्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा यात काहीही दोष नाही. मावशी, मी तुमची सगळ्यांसमोर माफी मागतो."